एका तारेचें मोल

एखादा मनुष्य तेंच तें सांगूं लागला म्हणजे ‘काय हें तुणतुणें लावलें आहे!’ असें आपण सहज म्हणून जातों. या वाक्प्रचारानें एका गुणी वाद्याची फार अप्रतिष्ठा केली आहे, असें आम्हांस वाटतें. ज्या तारेवांचून कित्येक घरचें मंगलकार्य पुरें होत नाहीं, तिलाच कंटाळ्याचें नांव द्यावें, हा न्याय नव्हे.

तुणतुण्याची रचना अगदीं साधी. लाकडाचें पोकळ नळकांडें, तळाशीं ताणून बसविलेलें कातडें, बाजूस जोडलेली दांडी आणि दांडीच्या टोंकास खुंटी. कातड्याच्या मध्यांतून निघालेली एकच तार खुंटीला गुंडाळलेली असते. खुंटी पिळून ती गाणाराच्या गळ्याशीं जुळवितात व लहानशा काडीनें छेडतात. संबळ ताल धरतो. तुणतुणें स्वर आणि लय दोन्ही सांभाळतें. कथेच्या भरांत नायकाचा आवाज कितीही चढला, तरी परत येण्याची जागा ही तारच दाखविते.

नांदेड-लातुराकडे हें वाद्य परकें नाहीं. साडेतीन पीठांपैकीं माहूर नांदेड जिल्ह्यांतच आहे, आणि लातुराहून तुळजापूरही फार दूर नाहीं. गोंधळ्यांतही रेणुकेचे ते रेणुराई व तुळजाभवानीचे ते कदमराई असे दोन भेद आहेत. लग्नमुंजीनंतर चौक मांडून, दिवटी पाजळून, गांवोगांवच्या दैवतांस नांवानिशीं गोंधळास पाचारण होतें.

तार एकच म्हणून तिचें सामर्थ्य थोडें, असेंही समजूं नये. व्हिएतनाम देशांत ‘दान बाऊ’ नांवाचें एकतारी वाद्य आहे. ‘बाऊ’ म्हणजे भोपळा. लांबट पेटीवरील तार एका लवचिक दांडीस बांधलेली असते. वादक काडीनें तार छेडतांना तळहाताच्या कडेनें तिला हलकेंच स्पर्श करतो. मोकळ्या तारेस षड्ज मानलें, तर मध्यावरील स्पर्शानें तार षड्ज आणि तृतीयांशावरील स्पर्शानें तार सप्तकांतील पंचम उमटतो. डाव्या हातानें दांडी वांकविली कीं ताण बदलून मधले स्वर व मींड निघते. हानोई येथें १९५६ सालीं स्थापन झालेल्या संगीतविद्यालयांत, आतांच्या राष्ट्रीय संगीत अकादमींत, हें वाद्य रीतसर शिकविलें जातें.

आपल्याकडे मात्र गोंधळ हल्लीं ‘उरकावयाचा’ असतो. मंडळी पंगतीच्या गडबडींत, तरुण मोबाइलच्या पडद्यांत. ध्वनिक्षेपकामुळें संबळ गर्जतो व तुणतुणें बुडून जातें. शेवटीं दक्षिणेची घासाघीस! गोंधळ्याचा मुलगा हें सारें पाहत असतो. त्यानें तार खुंटीला टांगून दुसरा उद्योग धरला, तर त्यास दोष कोणत्या तोंडानें द्यावा? पण मग आपल्या नातवंडांच्या लग्नांत कुळदेवतेस पाचारण करावयास कोण येणार, याचाही विचार आपणच केला पाहिजे.

यास्तव वाचकांस आमची विनंती अशी : पुढील कार्यांत दक्षिणा आधींच ठरवावी, आणि ती बॅंडवाल्यास देतांना जसा हात सैल सुटतो तशीच सुटावी. गोंधळासाठीं पुरता वेळ राखून मुलांस पुढें बसवावें. आजीबाईंनीं कुळाचीं दैवतें त्यांस समजावून द्यावींत. आरंभीं घटकाभर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा. मग ती तार एकटी ऐकूं येईल, आणि तिच्या आधारानें गळा कसा चालतो, हें मुलांना न सांगतां कळेल.