भयाचा प्रामाणिक व्यापारी

हिंदी चित्रपटसृष्टीच्या मानाच्या पंगतीत श्याम रामसे यांचे पान कधी मांडले गेले नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. दिग्दर्शनात त्यांना साथ देणारे ज्येष्ठ बंधू तुलसी रामसे त्यापूर्वी नऊ महिने, डिसेंबर २०१८ मध्ये, निवर्तले होते. 'पुराना मंदिर', 'वीराना', 'बंद दरवाजा' या चित्रपटांची नावे निघताच सुशिक्षित माणूस ओशाळून हसतो. या हसण्यात रसिकतेपेक्षा प्रतिष्ठेचा अभिमानच अधिक असतो.

रामसे यांचा व्यवसाय समजून घ्यायचा तर त्याच्या अर्थकारणाकडे पाहिले पाहिजे. वडील फत्तेचंद हे कराचीतील रेडिओचे दुकानदार. फाळणीने मुंबईत आणलेले. त्यांच्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' या १९७० च्या चित्रपटाला अपयश आले. परंतु त्यातील एका दृश्यात भयानक मुखवटा चढवून चोरी करणारे पृथ्वीराज कपूर पाहून प्रेक्षक थरारतो, हे मुलांनी नेमके हेरले. बाजाराने दिलेला हा इशारा ओळखून त्यांनी १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' काढला. चित्रीकरण महाबळेश्वरला झाले. सात भावांनी पटकथा, छायालेखन, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन अशी कामे आपसांत वाटून घेतली. घरच्या स्त्रियांनी सर्वांसाठी रांधले. नामांकित नट नाहीत, भव्य देखावे नाहीत. भांडवलाची उणीव कुटुंबाच्या श्रमाने भरून काढणारा हा अस्सल गृहोद्योग होता. १९८४ च्या 'पुराना मंदिर'ने मोठ्या नटांच्या चित्रपटांच्या बरोबरीने गर्दी खेचली, ती याच मार्गाने.

अशा चित्रपटांनी अंधश्रद्धा फोफावते, हा आक्षेप गंभीर आहे. तथापि तो तपासून घेतला पाहिजे. रत्नागिरी तालुक्यातील पालीसारख्या गावातील माणसाला भुताची ओळख पडद्याने करून दिलेली नाही. वेताळ, मुंजा, हडळ ही मंडळी कोकणात चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून नांदत आहेत. धड एकीकडे व शीर दुसरीकडे असलेला सामरी पाहून असा प्रेक्षक दचकतो, शेजाऱ्याचा हात धरतो आणि दिवे लागताच हसत बाहेर पडतो. तिकिटाच्या मोबदल्यात त्याला अडीच तासांची भीती मिळते व ती तिथेच संपते. याउलट आजारी मुलाच्या आईला करणीची भीती घालून तिच्या अंगावरील दागिना उतरवून घेणारा भोंदू ती भीती कधीच संपू देत नाही, कारण तिच्यावरच त्याचे पोट चालते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तो या दुसऱ्या व्यापाऱ्यासाठी. पहिला व्यापारी आपला माल खोटा आहे हे दारावरच्या फलकावर रंगवून सांगतो.

याचा अर्थ रामसेपटांत दोष नव्हते असे नाही. स्त्रीदेहाचे ओंगळ प्रदर्शन, कथेशी विसंगत विनोद आणि कुरूपता म्हणजेच दुष्टपणा हे गृहीतक यांचे समर्थन कोणी करू नये. परंतु हेच दोष बड्या निर्मात्यांच्या चित्रपटांतही विपुल आढळतात. तेथे मात्र समीक्षक त्यांना करमणुकीची अपरिहार्यता म्हणून क्षमा करतात. मग मोजमाप दोन कशासाठी?

१९९३ मध्ये 'झी हॉरर शो'च्या द्वारे श्याम रामसे घराघरांत पोहोचले. आज भयपटांना प्रतिष्ठा लाभली आहे, उत्तम तंत्रही लाभले आहे. त्या वाटेवरचे पहिले काटे ज्यांनी तुडवले, त्यांना इतिहासात जागा देणे म्हणजे उपकार करणे नव्हे. चित्रपटाचा इतिहास केवळ पारितोषिकांच्या यादीवरून लिहिला, तर पंधरा-वीस वर्षे प्रेक्षागृहाच्या पुढच्या रांगांत बसलेला प्रेक्षक त्यातून कायमचा गळून पडेल. श्याम रामसे यांना आदरांजली वाहायची ती या प्रेक्षकाचीही नोंद घेऊन.