गाडी जुनी खरी, पण मूळची कोणती?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेले भंगाराचे ट्रक आम्हा जालनेकरांच्या रोजच्या पाहण्यातले. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी झाली. आता या पाळण्यात लोखंड निजते. देशोदेशीचे भंगार इथल्या भट्ट्यांत वितळते आणि सळई होऊन बांधकामावर जाते. त्या ढिगात कधी फियाटचा दरवाजा दिसतो, कधी जीपचे बॉनेट. अशाच एका जीपमुळे हा विषय माझ्या डोक्यात शिरला.

बँकेत असताना अंबड तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या जीपची कर्जाची कागदपत्रे मी केली होती. गाडी १९६८ची, दुसऱ्या हाताची. चेसिसच्या नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा फाईलला डकवायचा, ही तेव्हाची रीत. पुढे पेट्रोल परवडेना, म्हणून त्या गृहस्थांनी जीपला मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवून घेतले. आरटीओत रीतसर नोंद केली, बँकेलाही कळवले. परवा त्यांचा मुलगा भेटला. म्हणाला, "काका, सरकार जुन्या गाड्यांना व्हिंटेजचा मान देतंय म्हणे. आमची बसेल का त्यात?"

नियम पाहिला. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत ही तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, खासगी वापराची दुचाकी वा चारचाकी गाडी 'व्हिंटेज' ठरते; मात्र ती मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. नव्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शनाला न्यावी, रॅलीत न्यावी, दुरुस्तीला वा इंधन भरायला न्यावी. रोजच्या कामाला मात्र नाही.

म्हणजे आमच्या जीपची दोन्हीकडून पंचाईत. इंजिन बदलले म्हणून ती व्हिंटेज नव्हे, आणि कशीबशी झालीच तरी मोंढ्यात पोते घेऊन जाता येणार नाही.

गंमत अशी, की जुन्या गाड्यांच्या 'अस्सलपणा'चा सर्वांत कडक हिशेब जिथे ठेवला जातो, तिथे गाड्या काचेआड ठेवत नाहीत, शर्यतीत पिटाळतात. इंग्लंडमध्ये व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३४ पासून आहे. ससेक्स परगण्यातील गुडवुडच्या ट्रॅकवर १९९८ पासून भरणाऱ्या 'रिव्हायव्हल'मध्ये १९४८ ते १९६६ या काळातील जातीच्या गाड्या धावतात, आणि कोट्यवधींच्या गाड्या एकमेकींना घासतात. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे 'परिशिष्ट के' नावाचे नियम या ऐतिहासिक शर्यतींसाठी आहेत. त्यांचे सार असे: गाडी तिच्या काळात जशी धावली, तशी असावी. त्या काळी कोणी कार्ब्युरेटर बदलला असेल, ब्रेक सुधारले असतील, तर तोही इतिहासच. पण पुरावा द्यायचा मालकाने. गाडीला तांत्रिक पासपोर्ट असतो, त्यात तिचा तपशील छायाचित्रांसह नोंदवतात. जीव वाचवणाऱ्या गोष्टींना, म्हणजे उलटल्यावर डोके वाचवणाऱ्या नळीच्या सांगाड्याला किंवा आग विझवण्याच्या साधनाला, अस्सलपणाच्या नावाखाली कोणी अडवत नाही. मला हा शहाणपणा वाटतो. पन्नास वर्षे एकही स्क्रू न फिरवलेली शर्यतीची गाडी असूच शकत नाही. शर्यतीत आदळआपट होणार, भाग बदलणार.

मग मूळची गाडी कोणती? हा वाद लंडनच्या उच्च न्यायालयात गेला होता. बेंटली कंपनीच्या 'ओल्ड नंबर वन' या गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिला मोठे इंजिन बसले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ती चढाच्या काठावरून पलीकडे गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. नंतर तिच्यावर निराळीच बॉडी चढली. पुढे एक कोटी पौंडांना सौदा ठरला, तेव्हा खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नव्हे! १९२९च्या गाडीचे अगदी थोडे भाग उरले होते, हे खरेच होते. १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला तो विक्रेत्याच्या बाजूने. ही गाडी कधी मोडून दुसरी केलेली नाही. एकाच गाडीचे आयुष्य अखंड चालत आले आहे, म्हणून 'ओल्ड नंबर वन' हीच, असा त्याचा मथितार्थ. आपल्याकडे वाड्याची तुळई बदलली, पत्रे घातले, तरी वाडा आजोबांचाच राहतो, तसे.

बनवाबनवीचे भय मी नाकारत नाही. शर्यतीच्या गाड्यांची किंमत इतिहासावर ठरते, त्यामुळे एका चेसिस-पट्टीवरून नवीच गाडी 'जुनी' करण्याचा मोह होतो. आपल्या नियमालाही हीच धास्ती असावी. पण उपाय कागदात आहे, आणि कागद आपल्याकडे रग्गड आहेत. आरसी बुकात इंजिनबदलाची तारीख असते, कर्जाचा बोजा असतो, एकामागून एक मालक असतात. हे सारे तपासून 'काळानुरूप बदल' मान्य करणारे एक कलम घालायला काय हरकत आहे? डिझेल इंजिनाची जीप हा मराठवाड्याच्या शेतीचा इतिहास आहे. मूळ इंजिनासह गॅरेजात झाकून ठेवणे बहुधा ज्याला दुसरी गाडी होती त्यालाच परवडले.

तोवर रस्ता एकच: पाच वर्षांनी साधी नोंदणी वाढवून घेणे. वीस वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी त्याचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झाले आहे; पर्यावरण कर आणि तपासणी निराळी. हा खर्च मी मुलाला कागदावर मांडून दाखवला. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. भंगारवाला दोनदा येऊन जीप पाहून गेल्याचे त्याने जाता जाता सांगितले. भाव किलोवर सांगितला होता.