लीलावतीचे मोती आणि लीलावतीचे गणित

१/ 'गोष्टींतून गणित' असा विषय निघाला की पहिली गोष्ट ठरलेली असते. भास्कराचार्यांची कन्या लीलावती, विवाहमुहूर्तासाठी मांडलेले घटिकापात्र, त्यात पडलेले मोती, टळलेला मुहूर्त आणि दुःखी कन्येच्या सांत्वनासाठी रचलेला ग्रंथ. या कथेत गणित नाही आणि तिला मूळ ग्रंथाचा आधारही नाही.

२/ 'लीलावती' हा 'सिद्धान्तशिरोमणी'चा पहिला भाग. रचना इ. स. ११५०. लीलावती कोण, हे भास्कराचार्य त्यात सांगत नाहीत. मोत्याची कथा येते ती अकबराच्या दरबारातील फैजीच्या १५८७ मधील फारसी भाषांतरातून, म्हणजे तब्बल ४३७ वर्षांनंतर.

३/ या कथेतून मुले काय शिकतात? मुलीचे नशीब फुटले, म्हणून तिच्या वाट्याला गणित आले! मूळ ग्रंथातील लीलावती कुणाच्या दयेचा विषय नाही. तिला प्रश्न विचारला जातो आणि तिच्याकडून उत्तराची अपेक्षा केली जाते.

४/ खऱ्या गोष्टी ग्रंथातील उदाहरणांत आहेत. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ. २७ हातांवरून साप बिळाकडे निघतो, मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांची गती सारखी. गाठ कोठे पडेल?

५/ उत्तर : बिळापासून १२ हातांवर. तोवर दोघांनीही १५ हात अंतर कापलेले असते. येथून मोर काढून टाकला, तर कर्ण नाहीसा होतो. 'गती सारखी' हे शब्द गाळले, तर प्रश्नच सुटत नाही. येथे गोष्ट हेच गणित आहे.

६/ याउलट आज पुष्कळदा काय घडते? आधी ससा-कासवाची गोष्ट सांगायची आणि खाली कोरडी बेरीज मांडायची. जी गोष्ट पुसली तरी उत्तर बदलत नाही, ती केवळ सजावट होय. 'गोष्टींनी गणित पातळ होते' हा आक्षेप या सजावटीला लागू पडतो, भास्कराचार्यांना नाही.

७/ भास्कराचार्य आपले नगर सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे सांगतात. त्यांच्या भुंग्यांचा पाचवा हिस्सा कदंबावर जातो, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतील फरकाची तिप्पट कुड्यावर. एक भुंगा केतकी आणि मालती यांच्यामध्ये घुटमळत राहतो. एकूण भुंगे १५. गणित डोळ्यांसमोरच्या रानातून उचललेले आहे.

८/ मग साताऱ्याच्या मुलांना उसनी रूपके कशाला? लिंब येथील बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात बांधली गेली. 'लीलावती'त चार झरे एक हौद स्वतंत्रपणे अनुक्रमे १, १/२, १/३ आणि १/६ दिवसात भरतात. एकत्र सोडले तर १/१२ दिवसात. तेथे झरे भरतात, येथे मोटा उपसतात; रीत तीच.

९/ सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठविण्याची जमिनीखालची पेवे आहेत. पेवात हळद किती मावेल, हा प्रश्न थेट 'लीलावती'तील खातव्यवहाराचा. ढीग मोजायचा तर राशिव्यवहाराचा. ज्या सांगलीने १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्या सांगलीला गोष्ट सांगणे शिकवावे लागू नये.

१०/ भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. नातवाने आजोबांची आठवण जपली ती त्यांचे ग्रंथ शिकवून. मोत्याची कथा पुढे पाठविणाऱ्यांनी निदान मोर आणि साप यांचा प्रश्न तरी एकदा सोडवावा.