दुचाकीस्वाराचे चिलखत

सकाळी आठच्या सुमारास बंगळूरच्या मल्लेश्वरम् किंवा जयनगर भागातील एखाद्या चौकात पाच मिनिटे उभे राहावे. लाल दिवा लागतो आणि दुचाक्यांचा मोठा थवा आपल्यापुढे येऊन थांबतो. कचेरीला निघालेले तरुण, बाजाराला निघालेली प्रौढ जोडपी, मुलांना शाळेत पोचविणारे आईबाप, सर्व जण त्यात असतात. हा थवा जरा निरखून पाहिला, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. वडिलांच्या डोक्यावर शिरस्त्राण, म्हणजे आपण सर्रास ज्याला हेल्मेट म्हणतो ते, नीट बसविलेले असते. आणि त्यांच्या कमरेला धरून मागे बसलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीच्या वेण्या मात्र वाऱ्यावर उडत असतात. पलीकडच्या स्कूटरवर यजमानांनी शिरस्त्राण घातले आहे. मागे एका बाजूस पाय सोडून बसलेल्या पत्नीच्या डोक्यावर केवळ पदर आहे.

हे वडील निष्ठुर आहेत किंवा हे पती निष्काळजी आहेत असे कोणीही म्हणणार नाही. मुलीला साधे पडसे झाले, तरी रात्रभर उशाशी बसणारीच ही माणसे. मग असे का व्हावे? शिरस्त्राण घरात आले ते पोलिसांच्या दंडाला भिऊन, आणि दंडाचे भय ज्याला वाटत होते त्याच्यापुरतेच आले, हेच याचे कारण दिसते. एखाद्या वस्तूचा हेतूच आपण चुकीचा समजून घेतला, म्हणजे तिचा उपयोगही अर्धाच होतो.

या अर्धेपणाची किंमत आकड्यांत पाहता येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा सुमारे ४४, दुचाकीवरची होती. शिरस्त्राण न घालता मृत्यू पावलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. त्यांत ३५,६९२ चालक आणि १४,३३७ मागे बसलेले होते. शिरस्त्राण असते तर यांतील प्रत्येक जण वाचलाच असता असे नव्हे. परंतु ज्यांच्या हाती वाहनाचा वेगही नव्हता आणि ब्रेकही नव्हता, अशी चौदा हजारांहून अधिक माणसे केवळ कोणावर तरी विश्वास ठेवून मागे बसली होती, ही गोष्ट कोणत्याही कुटुंबप्रमुखाला अस्वस्थ करणारी आहे.

कायद्याने मागच्या माणसाला विसरलेले नाही. कर्नाटकात जानेवारी २०१६ पासून मागे बसणाऱ्यालाही शिरस्त्राण सक्तीचे करण्यात आले. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीस शिरस्त्राण आवश्यक ठरले. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकांसाठीही २०२२ साली नियम झाला व फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू झाला. बालकाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, त्याच्या डोक्याला बेताचे बसणारे शिरस्त्राण हवे, आणि वाहनाचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये, असे तो सांगतो. शिवाय चालकाखेरीज एकाच माणसाला दुचाकीवर बसता येते, हा नियम तर जुनाच आहे. पुढे एक मूल, मध्ये एक मूल आणि मागे आई, हा आपल्याकडील परिचित देखावा कायद्याला मुळीच मान्य नाही.

शिरस्त्राणाच्या उपयुक्ततेचा शास्त्रीय इतिहासही मोटारसायकलीशीच जडलेला आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने जगाला ठाऊक असलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील एका ग्रामीण रस्त्यावरून मोटारसायकलीने जात होते. समोर सायकलीवरची दोन मुले आली, त्यांना चुकविताना ते फेकले गेले. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. सहा दिवसांनी, शुद्धीवर न येताच, ते वारले. त्यांच्यासाठी बोलाविलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. या मृत्यूने ते अंतर्मुख झाले आणि मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा त्यांनी अभ्यास आरंभिला. १९४१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. सामान्य नागरिकांसाठी मात्र तेथेही १९७३ साल उजाडावे लागले. पुढे अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित परीक्षण २००८ साली झाले. शिरस्त्राणामुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात आढळले.

हे घडते कसे? वाहन जागीच कलंडले तरी दीड मीटर उंचीवरचे डोके जमिनीवर आदळताना ताशी सुमारे वीस किलोमीटर वेग घेते. वाहनाची गती वेगळीच. शिरस्त्राणाचे बाहेरचे टणक कवच हा आघात पसरवून टाकते आणि आतला थर्मोकोलसारखा जाड थर दबत जाऊन डोक्याला थांबावयास थोडा अधिक वेळ देतो. तो क्षणाचा अंशच मेंदू वाचवितो. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून मोठा आघात सोसलेले शिरस्त्राण वरून कितीही चकचकीत दिसले तरी निकामी समजावे.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह व त्याच्या वरचा आयएस ४१५१ हा मानक क्रमांक पाहावा. १ जून २०२१ पासून दुचाकीचे शिरस्त्राण या प्रमाणीकरणाविना विकण्यास मनाई आहे. तरीही रस्त्याच्या कडेला टोपीसारखी हलकी कवचे विकली जातातच. कानशिले, मान आणि हनुवटी झाकणारे पूर्ण शिरस्त्राण घ्यावे, कारण पडताना तोंडावर आपटणे काही विरळा नाही. हनुवटीखालचा पट्टा बांधून डोके हलवून पाहावे; शिरस्त्राण कपाळाबरोबर हलले पाहिजे, कपाळावरून सरकता कामा नये. पट्टा न बांधलेले शिरस्त्राण पहिल्याच धक्क्यात निघून जाते. मुलाला वडिलांचे जुने शिरस्त्राण देणे म्हणजे त्याला वडिलांचे जोडे देण्यासारखे होय.

परंतु माणूस म्हणजे केवळ डोके नव्हे. बंगळूरच्या तरुणांना हे चांगले ठाऊक आहे. रविवारी पहाटे नंदी डोंगराकडे जाणारे मोटारसायकलस्वार पाहावेत. जाड जाकिटे, हातमोजे, गुडघ्यांवर गाद्या, घोट्यांच्या वर जाणारे बूट, असा त्यांचा जामानिमा असतो. त्यात कित्येकदा थोडी हौस असते, पण ती हौस शहाणपणाची आहे. आश्चर्य याचे की, तोच तरुण सोमवारी सायंकाळी आउटर रिंग रोडच्या गर्दीतून अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि चपला घालून जातो. सहलीसाठी चिलखत आणि रोजच्या धकाधकीसाठी काहीच नाही! आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर जाणाऱ्यापेक्षा आठवड्यातून सहा दिवस बसगाड्या, खड्डे आणि ओल्या रस्त्यांमधून वाट काढणाऱ्याला घसरण्याचे प्रसंग अधिक येतात, हे सांगावयास नको.

घसरून पडणारा माणूस सहजप्रेरणेने आधी हात टेकतो. तळव्यांची कातडी सोलवटते. मग कोपर, नितंब, गुडघे आणि घोटे डांबरावर घासले जातात. या जखमा जीव घेणाऱ्या नसतील. पण तळहाताला पट्टी असलेल्या माणसाला घास भरवावा लागतो, आणि घोटा मोडलेल्या मिळवत्या माणसाचे घर महिनोन् महिने लंगडते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा परिसरात अपघातात सापडलेल्या २१२ मोटारसायकलस्वारांचा लिझ डी रोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मोटारसायकलीसाठी बनविलेले जाकीट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी, विजार घातलेल्यांचा ५१ टक्क्यांनी आणि हातमोजे घातलेल्यांचा ५९ टक्क्यांनी कमी आढळला. याच अभ्यासाने दोन गोष्टी प्रांजळपणे नोंदविल्या आहेत. एक, कपड्यांतील गाद्यांमुळे हाडे मोडण्याचे प्रमाण घटलेले दिसले नाही. त्यांचा लाभ इतर दुखापतींपुरता होता. दुसरी, जाकिटे, विजारी आणि हातमोजे यांपैकी चतुर्थांशाहून अधिक नग अपघातात फाटले वा उसवले. तेव्हा ही साधने म्हणजे अभय नव्हे, आणि ती घेताना शिवण व कापड यांची पारख हवी. कित्येक जाकिटांच्या आतल्या चिठ्ठीवर १७०९२ हा युरोपीय मानकाचा क्रमांक असतो; त्यापुढील ‘एएए’ ही सर्वांत मजबूत श्रेणी, ‘एए’ व ‘ए’ ह्या तिच्या खालोखाल.

येथे गृहिणी विचारतील की, इतका खर्च मध्यमवर्गीय घराने करावा कसा? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर क्रमाचे आहे. प्रथम घरातील प्रत्येक डोक्यासाठी प्रमाणित शिरस्त्राण. त्यानंतर चपलांना रजा. वरील अभ्यासातच असे दिसले की, खास मोटारसायकलीचे नसलेले साधे बूटही हलक्या जोड्यांपेक्षा पायांना पुष्कळ सुरक्षित ठेवतात. त्याला जवळजवळ वेगळा खर्च नाही. मग हातमोजे, मग जाकीट, आणि शेवटी विजार. वाहन घेताना आपण नोंदणी व विमा यांची रक्कम किमतीतच धरतो. ही साधनेही तशीच धरावीत. दुचाकीच्या हप्त्यात जी साधने बसत नाहीत, ती नंतर कधीच घेतली जात नाहीत, असा बहुतेक घरांचा अनुभव आहे.

स्त्रियांच्या बाबतीत एक वेगळी दक्षता हवी. साडीचा पदर आणि ओढणी चाकात अडकून भीषण अपघात होतात. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण, मागे बसणाऱ्यासाठी धरावयाची मूठ आणि पाय ठेवावयाची पायटी ही मोटार वाहन नियमांनीच आवश्यक केली आहे. ‘गाडी चांगली दिसत नाही’ म्हणून ते आवरण काढून टाकणाऱ्या चिरंजिवांना आईने सरळ विचारावे की, या गाडीवर मी बसावयाचे आहे की नाही? पदर खोचावा, ओढणी आत घ्यावी, आणि शक्य असेल तेव्हा दोन्ही बाजूंस पाय टाकून बसावे.

उकाड्याची सबब तर बंगळुरात फारशी टिकत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरात एप्रिलमध्येही सरासरी कमाल तापमान ३४ अंशांच्या आसपास राहते. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांची अडचण मात्र खरी आहे. त्यांनी हवा खेळती ठेवणाऱ्या जाळीदार कापडाचे जाकीट पाहावे. दुसरी सबब संकोचाची. ‘एवढे चढवून भाजी आणावयाला जायचे? लोक हसतील!’ बंगळूर हे एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे होते. त्यांच्या पुत्राने १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट घेतली, ती अंगरख्याखाली चिलखत घालून. त्या चिलखतामुळे शिवाजीमहाराजांच्या शौर्याला उणेपणा आला असे आजवर कोणी म्हटलेले नाही. संकट संभवते हे ओळखून तयारीने जाणे, यालाच आपण दूरदृष्टी म्हणत आलो आहो.

याच शहरात होसूर रस्त्यावर निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था १९७४ पासून मेंदूच्या रुग्णांची सेवा करीत आहे. तेथील साथरोगतज्ज्ञ डॉ. जी. गुरुराज यांनी रस्त्यांवरील अपघात आणि शिरस्त्राणे यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. अशा रुग्णालयाच्या ओसरीवर वाट पाहत बसलेल्या कुटुंबांकडे पाहिले की, दंडाची पावती किती क्षुल्लक वस्तू आहे ते कळते. मोडलेले हाड बहुधा सांधते. दुखावलेला मेंदू पुष्कळदा पूर्ववत होत नाही. माणूस घरी परततो, पण तो हिशेब विसरलेला असतो, चिडका झालेला असतो, कधी स्वतःच्या मुलांची नावे त्याला आठवत नाहीत. त्या घराचे पुढील आयुष्य निराळेच होऊन जाते.

म्हणून आज रात्री प्रत्येक घराने एक लहानसे काम करावे. दाराजवळ भिंतीवर खुंट्या ठोकाव्यात. घरातील जितकी माणसे दुचाकीवर बसतात तितक्या, आजीसाठी आणि धाकट्या मुलासाठीसुद्धा. प्रत्येक खुंटीवर त्या त्या माणसाचे शिरस्त्राण आणि शक्य होईल तसे हातमोजे व जाकीट टांगावे. जी खुंटी रिकामी राहील, ती पुढल्या महिन्याच्या पगारातून आधी भरावी. आणि उद्या सकाळी वडिलांनी गाडी सुरू करण्यापूर्वी मागे वळून मुलीच्या हनुवटीखालचा पट्टा आपल्या हाताने बांधावा, मगच स्वतःचा.