न लिहिणं आणि लिहायला लावणं

बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. १७४२ साली आपल्या घोडेस्वारांच्या धास्तीनं कलकत्त्यानं एक खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही, पुढे बुजला, नाव तेवढं उरलं. मी इथे राहायला आले तेव्हा घरमालकीणबाई हसून म्हणाल्या, "म्हणजे शेवटी आलातच!"

जवळच गिरीशचंद्र घोषांचं घर आहे, दोन्ही बाजूंनी रस्ता आणि मधोमध बेटासारखं. मी नोकरी सोडली हे कळल्यावर पाड्यातल्या निदान चौघांनी मला त्यांचा दाखला दिला. पार्कर कंपनीतली दीडशे रुपयांची हिशेबनिशी सोडून गिरीशबाबू नॅशनल थिएटरात शंभर रुपयांवर मॅनेजर झाले. "आता तुम्हीही मनासारखं लिहा!" गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे, पण नोकरी सोडण्याबद्दलचा आपला विचार तिनं बिघडवून ठेवला आहे. सोडणाऱ्याला कसली तरी हाक आलेली असलीच पाहिजे, आणि नोकरीचा दोष एवढाच की ती रटाळ आहे, असं आपण धरून चालतो. मन रमत नाही, वाढ खुंटली, वरिष्ठ किंमत देत नाहीत, मग सोडा. मला हे पटत नाही. मन न रमणं हा पगाराचाच एक भाग आहे. खुद्द गिरीशबाबूंनी कितीतरी वर्षं दिवसा कचेरी आणि रात्री नाटक केलं.

मला दुसरा माणूस जवळचा वाटतो. सखाराम गणेश देउस्कर. जन्म १८६९, देवघरजवळच्या करौं गावचा. घर मराठी, लेखणी बंगाली. देवघरच्या शाळेत मास्तर असताना तिथल्या मॅजिस्ट्रेटच्या कारभारावर त्यांनी कलकत्त्याच्या 'हितवादी'त लिहिलं आणि शाळा सुटली. मग त्याच 'हितवादी'त मुद्रितशोधक म्हणून लागले आणि संपादकपदापर्यंत चढले. १९०४ साली त्यांचं 'देशेर कथा' आलं. रवींद्रनाथांची 'शिवाजी उत्सव' ही कविता त्याच वर्षी देउस्करांच्याच पुस्तिकेच्या निमित्तानं लिहिली गेली, हे महाराष्ट्रात फारसं कुणाला आठवत नाही. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली. 'हितवादी'च्या मालकांनी त्यांना टिळकांविरुद्ध लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं नाही आणि संपादकपदाचा राजीनामा दिला.

इथे हाक वगैरे काही नाही. पुढे कुठलं थिएटर वाट पाहत नव्हतं. आणि मालकांशी मतभेद काही त्याच दिवशी उगवले नसणार. मालकाच्या पत्रात काम करणारा संपादक रोज काहीतरी गिळतो, एखादा मजकूर मागे ठेवतो, एखादं विशेषण उतरवतो. मला वाटतं, गप्प राहणं हे नोकरीत बसतं. गप्प राहण्यापोटीच निम्मं जग घर चालवतं आणि त्यांना हिणवायचा अधिकार मला नाही. पण जे आपल्याला खोटं वाटतं ते आपल्याच हातानं लिहायला सांगितलं, की वेळ झालेली असते. त्यापुढे थांबण्याची कारणं शोधावी लागतात.

माझं प्रकरण याच्या पासंगालाही पुरणारं नाही. एका प्रकाशनसंस्थेत मी भाषांतर विभाग पाहत होते. तौलनिक साहित्यात एम.ए. केलेल्या माणसाला मिळू शकते त्यातली ही बरी नोकरी. तिथल्या नऊ वर्षांत मजकुरातले परिच्छेद गळताना मी पाहिले: कुठे जातीचा उल्लेख, कुठे एका पुढाऱ्याचं नाव. कुरकुरले आणि सही केली. मग एका बंगाली स्त्रीच्या आठवणींच्या मराठी भाषांतरात दोन वाक्यं *घालायला* सांगण्यात आलं. लेखिका हयात नव्हती. ती वाक्यं तिनं लिहिली नव्हती, ती ज्यांच्याविरुद्ध उभी राहिली त्यांचं त्यात कौतुक होतं. "बाकी सगळं तिचंच आहे की," असं मला समजावण्यात आलं.

भाषांतरकाराला इथे एक तयार पळवाट असते: शब्द माझे नाहीतच, मी फक्त पोचवते. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात सोयीचा युक्तिवाद आहे, आणि सगळ्यात लबाड. शब्द माझे नाहीत म्हणूनच त्यात भर घालायचा हक्क मला नाही. दुसरा युक्तिवाद सहकाऱ्यांचा. तू गेलीस तर दुसरं कोणी घालील. घालील ना. मी पुस्तक वाचवायला निघाले नव्हते.

राजीनामा देणाऱ्यांना डोक्यावर घेणाऱ्यांनी देउस्करांचं पुढचं वाचावं. राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात त्यांनी शिकवलं. १९१० साली सरकारनं 'देशेर कथा'वर बंदी घातली आणि तेही काम गेलं. ते करौंला परतले आणि १९१२ च्या नोव्हेंबरात वारले, त्रेचाळीस पुरी व्हायच्या आत. सोडण्याची किंमत अशी असते. माझ्या घरी दुसरा पगार येतो. त्यांच्या शेजारी माझं नाव लिहिताना हे सांगायला हवं.

आणि हेही सांगायला हवं, की ती दोन वाक्यं माझ्या टेबलावर आली तेव्हा ऑगस्ट होता. पूजा बोनस सप्टेंबरअखेर जमा व्हायचा होता. मी थांबले. त्या दोन महिन्यांत तपासलेल्या तीन फर्म्यांवर माझ्या सह्या आहेत.