डाळीची वाटी आणि इन्सुलिनची सुई

गेल्या रविवारी जेवताना बाबांनी एक प्रश्न विचारला आणि माझी बोलतीच बंद झाली.

बाबांना मधुमेह होऊन बारा वर्षं झाली. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. जेवणाआधी पोटावर सुई टोचताना ते रोज तोंड वाकडं करतात. त्या दिवशी म्हणाले, "अरे, तुम्ही लोकांनी भाजीवाल्याला मोबाईलवरून पैसे द्यायची सोय केलीत. मग ह्या औषधाची साधी गोळी नाही का करता येत कोणाला?"

"करतील हो बाबा," मी आपलं ठोकून दिलं आणि वरणभाताचा घास घेतला. रात्री अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं, उत्तर त्या घासातच होतं!

इन्सुलिन हे प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मण्यांचे प्रकार मोजून २०, आणि कुठला मणी कुठे ओवला ह्यावर सगळा खेळ. इन्सुलिनमध्ये असे ५१ मणी आहेत, दोन सरांत विभागलेले. आता पोटाला काय, वरणातलं प्रथिन आणि औषधातलं प्रथिन सारखंच. आलं की तोड माळ, कर मणी सुटे. म्हणजे इन्सुलिन नुसतं गिळलं तर ते डाळीसारखं पचूनच जाणार. १९२२ साली टोरांटोमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाला इन्सुलिन दिलं ते सुईनेच, आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी बाबांच्या हातातली सुई सुटलेली नाही.

गंमत म्हणजे हे मला शाळेतच कळायला हवं होतं. पेशीतले मुख्य सेंद्रिय रेणू कोणते? कर्बोदके, प्रथिने, मेद आणि न्यूक्लिइक आम्ले. चार नावं, चार मार्क. मला पैकीच्या पैकी मिळाले होते. माझी तक्रार नेमकी हीच आहे. आपल्याला यादी शिकवली, पण हे रेणू जोडले कसे जातात, तुटतात कसे, हे मनावर ठसेल असं कोणी सांगितलं नाही. आणि यादी पाठ असून उपयोग काय, हे आता माझ्याच गुन्ह्यावरून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी घरातली साखर बंद केली आणि सेंद्रिय गुळाची ढेप आणली. "बाबा, हा नॅचरल आहे, चालतो." बाबा खूश. चहात गूळ, पोळीबरोबर गूळ-तूप. आता गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा मुख्य भाग म्हणजे सुक्रोज, साखरेत असतं तेच. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ह्यांची जोडी. आतड्यात ही जोडी तुटते. माल कारखान्यातून आला की गुऱ्हाळातून, हे रक्ताला कळत नाही.

रिपोर्टला मात्र कळलं. बाबा तपासणीच्या आधी दोन दिवस कडक पथ्य पाळायचे, त्यामुळे उपाशीपोटीची शुगर बरी यायची. एचबीएवनसी मात्र वाढलेलं. ही तपासणी काय मोजते? तर रक्तातल्या हिमोग्लोबिनला, म्हणजे एका प्रथिनाला, किती ग्लुकोज चिकटलंय ते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब त्यात सापडतो. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग फाइल. दोन दिवसांच्या पथ्याने ती बदलत नाही.

तांदूळ, ज्वारी, साबुदाणा ह्यांतला स्टार्चही ग्लुकोजचीच लांब साखळी. आणि तुमच्या अंगातला सुती शर्ट? तोही ग्लुकोजचाच! फक्त जोड वेगळ्या पद्धतीचा, आणि तो तोडणारं विकर आपल्याकडे नाही. म्हणून भात रक्तातली साखर वाढवतो आणि धान्याच्या कोंड्यातलं सेल्युलोज न पचता पुढे जातं.

मेदाचं तर आपण नावच टाकलंय. पण प्रत्येक पेशीभोवतीचं पटल मुख्यतः मेदाच्या दोन थरांचं असतं, आणि त्यातून ग्लुकोज आपलं आपण आत शिरू शकत नाही. इन्सुलिन बाहेरून कडी वाजवतं, मग स्नायूंच्या पेशी ग्लुकोजसाठी दारं पटलावर आणून बसवतात. बाबांच्या शरीरात ही कडी नीट ऐकू जात नाही, एवढंच.

राहिलं चौथं. पूर्वी इन्सुलिन डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढायचे. डुकराच्या इन्सुलिनमध्ये आपल्यापेक्षा एक मणी वेगळा, गाईच्यात तीन. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची डीएनएतली सूचना जिवाणूत घातली, आणि जिवाणूने ती वाचून माळा ओवून दिल्या. १९८२ मध्ये अमेरिकेत ह्या औषधाला परवानगी मिळाली. आमच्या ऑफिसात शेजारच्या टीमचा कोड आमच्या मशीनवर चालत नाही, आणि इथे माणसाची सूचना जिवाणू वाचतोय!

तर मंडळी, मुद्दा असा. आपण शिकलेले लोक लेबलं वाचतो, पण "नॅचरल", "केमिकल-फ्री" असले शब्द वाचतो. कोलॅजेनची महागडी पावडर घेताना, हे प्रथिन पोटात तुटणार, ते जसंच्या तसं गालावर जाऊन बसणार नाही, हे आठवत नाही. औषधाचं डॉक्टर बघतील. पण घरात काय आणायचं हे आपण ठरवतो, आणि आई-बाबा आपल्यावर विश्वास ठेवून ते खातात. निदान "हे पोटात गेल्यावर तुटून काय होतं?" एवढा एक प्रश्न विचारायची सवय लावू या. माझ्या मते शाळेतही चार नावांऐवजी हाच प्रश्न विचारावा.

सोमवारी सकाळी बाबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गोळीचं कळलं. पण तो गूळ तूच आणला होतास ना रे?"

हो बाबा. मीच आणला होता.