देवबागची वाळू आणि आपली पंचगंगा

विकेंडला मालवणचा प्लॅन ठरलाय? मग तारकर्लीवर थांबू नका, पुढं देवबागला जा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसरीकडं कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावरच अख्खं गाव. इथली जुनी मासेमारी म्हणजे रापण. होडीनं जाळं अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. म्हणजे रापणीला समुद्राइतकीच मोकळी वाळूही लागते.

तीच वाळू आता खचतेय. २०१९ ला क्यार, २०२१ ला तौक्ते. अरबी समुद्र तापतोय, तशी वादळंही वाढतायत. घरं वाचवायला दगडी बंधारा हवा, पण त्यावर आपटून परतणारी लाट पुढची वाळू ओढून नेते. घर वाचवायचं की रापण, हा खरा पेच आहे.

आपल्याला हे परकं नाही. त्याच दोन वर्षांत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेलं होतं. पूररेषेत बांधलं की पाणी घरात येतं, हे आपण भोगलंय. तिकडं किनाऱ्यालगतची रिसॉर्ट आपल्यासारख्या पर्यटकांसाठीच उभी राहतात. तेव्हा बुकिंग करताना रेटसोबत एवढंही विचारा : भरतीची रेषा इथून किती लांब?